बेणे तापले की शिजले? उष्णता-प्रथिनांच्या तपासणीविषयी थोडेसे



गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आयत्या वेळच्या विषयात बेणे प्रक्रियेवरून बरीच बोलाचाली झाली, ती आपणास आठवत असेलच. एक ज्येष्ठ सभासद उभे राहिले आणि त्यांनी सरळच विचारले, "साहेब, बाकीचं राहू द्या. तुम्ही आमचं बेणं शिजवलंत का नाही, तेवढं सांगा." त्यांनी कारखान्याकडून उष्ण बाष्प प्रक्रिया केलेले बेणे नेले होते. लागण वेळेवर, पाणी वेळेवर, आणि उगवण मात्र विरळ. सरीत हात-दोन हातांचे नांगे. आम्ही ठरलेले उत्तर दिले, की प्रक्रिया ५४ अंश सेल्सिअसला अडीच तास असते आणि ती तशीच केली जाते. त्यावर मागच्या रांगेतून एक तरुण सभासद म्हणाले, "आता प्रतिपिंडांची तपासणी असते. झाडाच्या पेशींना उष्णतेचा झटका बसला की नाही ते त्यात दिसतं. करून घ्या की एकदा."

सभेत थोडा हशा झाला. आम्हीही हसलो, हे कबूल केले पाहिजे. पण घरी जाऊन विचार केला तेव्हा वाटले, सूचना हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. ही तपासणी म्हणजे काय, तिने काय कळते आणि काय कळत नाही, हे सभासदांपुढे मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी बेणे तापवायचे कशासाठी, ते थोडक्यात. गवताळ वाढ, काणी, खोडवा खुजा हे रोग बेण्यातून पुढच्या पिकात जातात. फवारणीने ते जात नाहीत, कारण जंतू कांडीच्या आत बसलेला असतो. त्याला उष्णतेने मारावे लागते. पाण्यात बुडवायचे तर ५० अंशाला दोन तास, वाफेच्या दमट हवेत ठेवायचे तर ५४ अंशाला अडीच तास. अडचण अशी, की उसाचा डोळाही जिवंत आहे. जंतू मरावा आणि डोळा जगावा, यामधली फट फार अरुंद आहे. दोन अंश खाली राहिले तर रोग तसाच राहतो, आणि दोन अंश वर गेले तर डोळा जातो. सभेत ज्याला "शिजणे" म्हटले गेले ते हेच.

आता पेशीच्या आत काय होते ते पाहू. पेशीतले बहुतेक काम प्रथिने करतात. प्रथिन म्हणजे एक लांब साखळी, ठरावीक पद्धतीने घडी घातलेली. घडी बरोबर असेल तरच ती काम करते. उष्णता वाढली की घड्या उलगडू लागतात, आणि उलगडलेल्या साखळ्या एकमेकींना चिकटून गोळा होतो. अंडे उकडल्यावर पांढरे का घट्ट होते? तेच हे. उकडलेले अंडे पुन्हा पातळ होत नाही, तशी पेशीही त्या टप्प्यानंतर माघारी येत नाही.

पण त्या टप्प्याच्या अलीकडे पेशी गप्प बसत नाही. नेहमीपेक्षा पाच-दहा अंश जास्त उष्णता लागली, की ती हातातली बरीचशी कामे बाजूला ठेवते आणि खास प्रकारची प्रथिने तयार करायला घेते. यांना आपण उष्णता-प्रथिने म्हणू. ती उलगडलेल्या साखळ्यांना धरून ठेवतात, एकमेकींना चिकटू देत नाहीत. काही तर झालेला गुंता सोडवतात. ओल्या कासऱ्याचा गुंता एकाने धरावा आणि दुसऱ्याने एकेक पदर ओढून काढावा, तसे त्यांचे चालते.

ही गोष्ट उघडकीला आली ती योगायोगाने. इटलीत रितोसा नावाचे शास्त्रज्ञ फळमाशीवर काम करीत होते. कोणीतरी उबवण पेटीचे तापमान चुकून वाढवून ठेवले. दुसऱ्या कोणी त्या माश्या फेकून दिल्या असत्या. रितोसांनी त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर गुणसूत्रांवर नेहमी नसतात अशा ठिकाणी फुगवटे आलेले. १९६२ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्या फुगवट्यांमधून नवी प्रथिने तयार होतात हे कळायला १९७४ साल उजाडले, आणि वनस्पतींमध्येही हेच घडते हे १९८१ साली सोयाबीनच्या रोपांवर दाखवले गेले. पुढे १९८९ मध्ये उसाच्या पेशींवरचे कामही प्रसिद्ध झाले.

ही प्रथिने वजनावरून ओळखली जातात. वजन डाल्टन या मापात मोजतात. एक डाल्टन म्हणजे हायड्रोजनच्या एका अणूएवढे, असे ढोबळ मानाने समजा. एक प्रथिन ७० हजारांचे, एक १ लाख १ हजारांच्या आसपासचे, आणि १५ ते ३० हजारांची बरीच लहान लहान. आकडे लक्षात ठेवायचे कारण नाही. पुढे ७० हजारवाल्याची एक खोड सांगायची आहे, म्हणून उल्लेख केला.

एका पेशीत हजारो जातींची प्रथिने असतात. त्यातले नेमके एक शोधायचे कसे? येथे प्रतिपिंडे कामाला येतात.

प्रतिपिंड हा शब्द नवा वाटला तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. सर्पदंशावरची लस कशी करतात ते बऱ्याच जणांना ठाऊक आहे. घोड्याला विषाचा थोडा थोडा डोस टोचतात. घोड्याचे रक्त त्या विषाला धरणारी द्रव्ये तयार करते. रक्तातून ती काढून घेतली की लस झाली. ती द्रव्ये म्हणजेच प्रतिपिंडे. घोड्याऐवजी ससा घ्या आणि विषाऐवजी उष्णता-प्रथिन टोचा, म्हणजे सशाच्या रक्तात त्या प्रथिनाला ओळखणारी प्रतिपिंडे मिळतील. कोविडच्या साथीत २०२०-२१ मध्ये नाकात काडी घालून पट्टीवर रेघ उमटते का पाहत होते, तीही प्रतिपिंडांचीच करामत होती. घरोघरी माहीत असलेली गरोदरपणाची पट्टी तीच.

प्रतिपिंड प्रथिनाला धरते म्हणजे सबंध प्रथिन पाहते असे नव्हे. त्याचा एक लहानसा भाग ओळखते. आपल्या काट्यावरचा कारकून ट्रॅक्टरचा नंबर पाहून नोंद करतो. ट्रॉलीत कोणाचा ऊस आहे हे तो मोळ्या उलगडून बघत नाही. तसेच हे. नंबर जुळला की धरले. आता दोन ट्रॅक्टरांचे नंबर सारखेच असले तर काय होईल? तोही घोटाळा येथे होतो, पुढे येईलच.

प्रत्यक्ष तपासणी अशी चालते. डोळ्याचा किंवा पानाचा तुकडा घ्यायचा आणि तत्क्षणी द्रव नत्रात टाकायचा. द्रव नत्र म्हणजे कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्यात ठेवतात तेच. उणे १९६ अंश. तुकडा काचेसारखा कडक होतो. मग तो गोठलेल्या अवस्थेतच खलबत्त्यात कुटून पीठ करायचे. ऊस कुटणे पानाइतके सोपे नाही. कापलेल्या उसाचे तोंड थोड्या वेळात तांबूस-काळे पडते हे आपण रोज पाहतो. ज्या द्रव्यांमुळे ते पडते ती प्रथिनांना चिकटून बसतात आणि नमुना वाया घालवतात. म्हणून कुटतानाच त्यांना शोषून घेणारी एक भुकटी घालावी लागते. तिच्याशिवाय केलेला उसाचा नमुना म्हणजे चहाचा गाळ, असे आम्हाला प्रयोगशाळेतल्या बाईंनी सांगितले.

त्या पिठातून प्रथिने काढून, साबणासारख्या द्रव्यात उकळून, एका जेलीच्या पातळ थराच्या वरच्या कडेला भरतात आणि वीज सोडतात. वजनाने हलकी प्रथिने जेलीतून भराभर खाली सरकतात, जड मागे राहतात. अशी वजनवार विभागणी झाली की ती सगळी एका खास पांढऱ्या कागदावर उतरवून घेतात. या पद्धतीला वेस्टर्न ब्लॉट म्हणतात. नावात पश्चिम आहे, पण दिशेशी काही संबंध नाही. आधीच्या एका पद्धतीला सदर्न नावाच्या शास्त्रज्ञांचे नाव पडले होते, त्यावरून कोणी केलेली ही कोटी आहे.

यानंतरची पायरी ऐकून आपल्या दूध उत्पादक सभासदांना गंमत वाटेल. कागद तसाच प्रतिपिंडांत बुडवला तर ती कागदाला जागा मिळेल तिथे चिकटतील आणि सगळा कागद रंगेल. म्हणून मोकळ्या जागा आधी भरून टाकायच्या. कशाने? स्निग्धांश काढलेल्या दुधाच्या पावडरीने. पाच टक्क्यांचे साधे द्रावण. एवढ्या महागाच्या तपासणीत दुधाची पावडर! मग सशाची प्रतिपिंडे सोडायची. जादा असेल ते धुऊन टाकायचे. मग सशाच्या प्रतिपिंडांना धरणारी बकरीची प्रतिपिंडे सोडायची, आणि या बकरीवाल्यांच्या पाठीवर एक विकर बांधलेले असते, जे विशिष्ट द्रावणात जांभळा रंग उमटवते. हे विकर बहुधा अल्कलाइन फॉस्फेटेज असते. दूध संघात पाश्चरीकरण नीट झाले की नाही हे ज्याच्यावरून तपासतात तेच. दूध पुरेसे तापले तर ते विकर मरते आणि रंग येत नाही. म्हणजे दुधाचे तापणे आणि बेण्याचे तापणे, दोन्हीकडे साक्षीदार एकच, फक्त कामाची तऱ्हा वेगळी.

शेवटी कागदावर जांभळी पट्टी उमटते. पट्टी आली, तर त्या वजनाचे उष्णता-प्रथिन नमुन्यात होते.

ज्यांना प्रथिन आहे की नाही एवढ्याने भागत नाही, डोळ्याच्या नेमक्या कोणत्या भागात आहे ते पाहायचे असते, ते तुकडा मेणात बसवून त्याच्या अतिपातळ चकत्या काढतात आणि त्या चकत्यांवरच प्रतिपिंडे सोडतात. रंग वाढीच्या टोकात आला की नुसत्या सालीत, ते सूक्ष्मदर्शकात दिसते. त्याहून सोपा मार्ग म्हणजे ताजा काप कागदावर दाबून ठसा घ्यायचा आणि ठसा रंगवायचा. फ्लोरिडात खोडवा खुजा रोगाचे जंतू शोधायला उसाच्या कांडीचे असे ठसे घेण्याची पद्धत वापरली गेली आहे.

आता घोटाळे. आमच्या मते या तपासणीत पट्टी उमटवणे हा सोपा भाग आहे, तिचा अर्थ लावणे अवघड.

पहिला घोटाळा ७० हजारवाल्याचा. त्याचा एक सख्खा भाऊ पेशीत बारा महिने असतो, उष्णता असो वा नसो. वजन जवळजवळ तेच, चेहरा तोच. पुष्कळ प्रतिपिंडांना दोघांतला फरक कळत नाही. त्यामुळे डिसेंबरच्या थंडीत घेतलेल्या उसातही पट्टी येते आणि माणूस म्हणतो, ऊस तापलाय. ज्याला उष्णतेचाच पुरावा हवा त्याने लहान प्रथिने किंवा १ लाख १ हजारवाले पाहावे. न तापलेल्या पानात ती जवळपास नसतातच.

दुसरे, विकत मिळणारी प्रतिपिंडे बहुधा मोहरीच्या कुळातल्या एका लहान रोपट्याच्या प्रथिनावर तयार केलेली असतात. उसाचे प्रथिन त्याच्याशी पुष्कळ जुळते, पण अगदी हुबेहूब नाही. म्हणून मुद्दाम तापवलेला एक आणि न तापवलेला एक असे माहितीतले दोन नमुने शेजारी हवेतच. ते नसतील तर पट्टीकडे पाहू नये. सगळ्या घरांत प्रथिन सारखेच भरले होते याचाही पुरावा हवा. नाहीतर ज्यात जास्त भरले त्यात पट्टी जाड येणारच.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, कारण ती समजल्याशिवाय आपल्या सभासदांच्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. उष्णता-प्रथिन तयार करायला पेशी जिवंत लागते. थोडी तापली तर थोडे करील, जास्त तापली तर जास्त करील, आणि फारच तापली तर काहीच करणार नाही, कारण करणारीच राहिली नाही. म्हणजे पट्टी आली नाही याचे दोन अर्थ: एकतर डोळ्याला उष्णता लागलीच नाही, नाहीतर तो शिजला. कागद दोन्ही वेळेला कोराच.

हे सगळे आम्हाला आधी ठाऊक होते असे मात्र समजू नका. सभेनंतर आम्ही जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेकडे गेलो. आपल्या प्रयोगशाळेत ब्रिक्स, पोल, शुद्धता होते. असले काम होत नाही. त्यांनी नमुने आणायला सांगितले. आमच्या शेती मदतनीसांनी बेणे मळ्यातून डोळे काढले. काही प्रक्रिया केलेले, काही न केलेले. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधले, मोटारसायकलच्या डिकीत टाकले आणि दुपारच्या उन्हात निघाले. वाटेत चहाला थांबले. निकाल आला तेव्हा सगळ्या नमुन्यांत पट्टी! न तापवलेल्यातसुद्धा ठसठशीत. बाई म्हणाल्या, "हे सगळे तापलेलेच आहेत. तुमच्या डिकीत तापलेत." झाडावरून काढला तरी डोळा तासन्‌तास जिवंत असतो आणि ऊन लागले की इमानेइतबारे प्रथिन तयार करतो. मदतनीसांचा दोष नव्हता; त्यांना सांगायला हवे होते ते आम्ही सांगितले नव्हते. दुसऱ्या खेपेस गावच्या कृत्रिम रेतन केंद्राकडून द्रव नत्राचे भांडे मागून घेतले आणि डोळे शेतातच गोठवले. तेव्हा कुठे न तापवलेल्या नमुन्याचा कागद कोरा आला.

आता त्या ज्येष्ठ सभासदांचा प्रश्न. त्यांचे बेणे शिजले होते का, हे या तपासणीने आज सांगता येईल का? नाही. उष्णता-प्रथिने दोन-चार दिवसांत ओसरू लागतात. लागणीला कित्येक आठवडे झाल्यावर नांग्यातली कुजलेली टिपरी उकरून काढली, तर तिच्यात ना प्रथिन सापडणार ना पेशी. ती उष्णतेने मेली, की पाणी साचून, की वाळवीने, की मुळात बेणे जुने होते, हे कागद सांगणार नाही. ते सांगू शकली असती एकच गोष्ट, ती म्हणजे त्या दिवशीची तापमानाची नोंद. आणि ती आमच्याकडे नाही. नोंदवहीत त्या तारखेला वेळ लिहिली आहे, सही आहे, तापमानाचा रकाना कोरा आहे. सभेत आम्ही "५४ अंशालाच केली" असे जे ठामपणे सांगितले ते रोजच्या पद्धतीवरून सांगितले, नोंदीवरून नव्हे. ही गोष्ट आम्ही त्या सभासदांच्या घरी जाऊन सांगितली आहे आणि त्यांना पुढील लागणीसाठी तेवढे बेणे देण्याचा प्रस्ताव संचालक मंडळापुढे ठेवला आहे. त्यांचे म्हणणे एवढेच होते, "हे सभेतच सांगितलं असतंत तर एवढं ताणलं नसतं."

मग या तपासणीचा आपल्याला उपयोग काय? जाती निवडायला होईल का, असेही काहींनी विचारले. मार्च ते मे पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा ज्या जातीत पट्टी जाड ती जात उन्हाला टणक, असे म्हणता येईल का? आम्हाला तसे वाटत नाही. पट्टी जाड म्हणजे त्या उसाला उष्णता जास्त जाणवली, असाही अर्थ निघू शकतो. ज्याची मुळे खोल आणि पानांतून पाणी नीट उडते, त्याचे पान मुळातच कमी तापेल आणि पट्टीही बारीक येईल. जातीची पारख शेवटी फडात आणि काट्यावरच.

उपयोग दिसतो तो बेणे प्रक्रियेत. पेशीला आधी सौम्य उष्णतेचा अनुभव दिला आणि मग काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी कडक उष्णता दिली, तर ती जास्त तग धरते, कारण उष्णता-प्रथिने आधीच तयार असतात. त्या मोहरीच्या कुळातल्या रोपट्यावर २००० साली हे स्पष्ट झाले: १ लाख १ हजारवाले प्रथिन नसलेली रोपे एरवी छान वाढतात, पण अशी पूर्वतयारी देऊनही कडक उष्णतेत मरतात. उसात याचा अनुभव त्याआधीच आला होता. अमेरिकेतील लुईझियानात १९७० च्या दशकात केवड्यासारख्या दिसणाऱ्या मोझॅक रोगासाठी टिपऱ्यांना लागोपाठ तीन दिवस थोडा थोडा वेळ गरम पाणी दिले गेले, पहिल्या दिवशी कमी आणि नंतर जास्त तापमानाचे. आपल्याकडच्या बेण्यालाही आदल्या दिवशी अशी चुणूक द्यावी का, किती अंशाची, आणि डोळ्यात प्रथिन तयार झाले की नाही, हे पाहायला प्रतिपिंडे उपयोगी पडतील. झाले असेल तरच दुसऱ्या दिवशी पेटीत घालायचे.

सभासदांनी हा प्रयोग घरच्या काहिलीत करून पाहू नये, ही कळकळीची विनंती. आम्ही बेणे मळ्यात शेजारी-शेजारी सऱ्या लावल्या आहेत: एक न तापवलेली, एक नेहमीच्या प्रक्रियेची, एक आदल्या दिवशी चुणूक देऊन प्रक्रिया केलेली. तिन्हींचे डोळे द्रव नत्रात गोठवून ठेवले आहेत. या वेळी तापमानाची नोंद दर दहा मिनिटांनी लिहिली आहे, आणि ती वही शेती विभागात कोणाही सभासदास पाहता येईल. उगवण मोजणी लागणीनंतर सहाव्या आठवड्यात होईल. मोजायला ज्यांना यायचे असेल त्यांनी आपापल्या गट कार्यालयात नाव द्यावे. ते ज्येष्ठ सभासद येणार आहेत.